आपला खेळ कुठं गेला? कोल्हापुरातल्या एका रग्बी लीगवेड्याचं प्रकरण

शिवाजी उद्यमनगरात मशीन शॉप चालवणारा, चाळिशी ओलांडलेला माणूस. घर पेठेतलं, वडील तालमीत मुरलेले पैलवान. इंजिनिअरिंग झाल्यावर नोकरीसाठी सिडनी गाठली, शहराच्या पश्चिमेला पॅरामाटाजवळ संसार थाटला, मुलगी तिथंच जन्मली. पुढं घरचा धंदा सांभाळायला परत आला. येताना सोबत आणलं ते पॅरामाटा ईल्स या रग्बी लीग संघाचं वेड. ओळख पुसून लिहायची परवानगी त्यांनी दिली आहे, म्हणून इथं त्यांना नुसतं 'दादा' म्हणतो.

दादांची तक्रार साधी वाटते. संघ हरतो म्हणून ते दुःखी नाहीत. हरण्याची त्यांना सवय आहे. या क्लबनं शेवटचं विजेतेपद १९८६ साली मिळवलं. त्यांचं म्हणणं असं, की संघ आता 'आपल्यासारखा' खेळत नाही. २०२५ च्या हंगामात मॅच लावायची आणि अर्ध्यात बंद करायची, असं त्यांचं सुरू झालं. चिडचिड घरापर्यंत आली, तेव्हा त्यांच्या मुलीनं मला गाठलं. मी खेळांवर लिहितो, खेळाडूंपेक्षा चाहत्यांवर जास्त. चाहत्याचं दुःख आपल्याकडं फार लवकर हसण्यावारी नेलं जातं, आणि ते मला पटत नाही. म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतोय.

आधी खेळाबद्दल थोडं. रग्बी म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढं पंधरा जणांची युनियन येते. लीग वेगळी. १८९५ साली उत्तर इंग्लंडमधले क्लब हडर्सफील्डला जमले आणि मूळ संघटनेतून बाहेर पडले. कारण मजुरीचं होतं. खाणीत, गिरणीत राबणाऱ्या खेळाडूचा सामन्यामुळं रोज बुडायचा, त्याची भरपाई द्यायला मूळ संघटना तयार नव्हती. पुढं या फुटलेल्या मंडळींनी खेळाचे नियमच बदलले. एका बाजूला तेरा खेळाडू. चेंडू असलेल्या संघाला सहा टॅकल मिळतात. माणूस पाडला गेला की तो उठतो, चेंडू पायानं मागं सरकवतो आणि खेळ पुढं चालू होतो. सहाव्यांदा पाडला की चेंडू समोरच्याकडं जातो, म्हणून बहुतेक संघ पाचव्या टॅकलनंतर लाथ मारून चेंडू दूर धाडतात. चेंडू समोरच्या गोलरेषेपलीकडं जमिनीला टेकवला की ट्राय, त्याला चार गुण. फाउंड्री आणि लेथच्या गावातल्या माणसाला हा खेळ जवळचा वाटला, यात मला काही नवल दिसत नाही.

दादांना मात्र तो आवडला कुस्तीमुळं. लीगमधला टॅकल म्हणजे उभ्या माणसाला कमरेत धरून पाडणं, आणि त्यांचं बालपण तेच बघण्यात गेलेलं. त्याहून जास्त आवडला तो ऑफलोड. दोघं-तिघं अंगावर आहेत, माणूस खाली चाललाय, आणि जमिनीला टेकायच्या आत त्यानं हात मोकळा करून चेंडू मागून पळत येणाऱ्याला दिला. पकडलेला माणूस सुटतो आणि पकडणारे तिघेही त्या खेळीतून बाद होतात. दादा म्हणतात, "तेवढ्यासाठी बघायचं. बाकी सगळं त्याची तयारी."

ते ऑस्ट्रेलियात असताना २००९ साल आलं. पॅरामाटा नियमित हंगामाच्या शेवटी कसाबसा आठवा, म्हणजे बाद फेरीतल्या शेवटच्या जागेवर आला आणि आठव्या क्रमांकावरून थेट अंतिम सामन्यात गेला. याआधी कुणालाच ते जमलं नव्हतं. तेव्हाचा तो खेळ रचनेत बसणारा नव्हता. फुईफुई मोईमोईसारखा फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या फळीतला जड खेळाडू, चारचौघांना अंगावर घेऊन पुढं घुसायचा, चेंडू कुठून कुठं जाईल सांगता यायचं नाही. अंतिम सामना मेलबर्न स्टॉर्मनं २३-१६ असा जिंकला. पुढच्याच वर्षी मेलबर्ननं खेळाडूंच्या एकूण पगाराची मर्यादा चोरून ओलांडल्याचं उघड झालं आणि २००७ व २००९ ही दोन्ही विजेतेपदं काढून घेतली गेली. २००९ ची जागा रिकामी ठेवली, पॅरामाटाला दिली नाही. हे सांगताना दादांचा आवाज आजही चढतो, आणि चढावाच. ज्याच्याकडून आपण हरलो त्याचा विजयच खोटा ठरला, आणि तरी आपण हरलेलेच राहिलो.

मेलबर्नची गोष्ट इथं महत्त्वाची आहे. क्रेग बेलामी २००३ मध्ये त्या संघाचे प्रशिक्षक झाले. त्यांच्या काळात मेलबर्ननं टॅकलचं शास्त्र केलं आणि खेळाडूंना शिकवायला कुस्ती-जुजुत्सूचे जाणकार आणले. तिघांनी मिळून माणूस असा पाडायचा की तो पाठीवर पडेल. पाठीवर पडलेल्याला उठून चेंडू मागं सरकवायला दोन क्षण जास्त लागतात, तेवढ्यात बचावाची फळी मागं जाऊन उभी राहते. खेळ हळू होतो, आणि हळू झालेल्या खेळात चुका न करणारा संघ जिंकतो. दादांना ही पद्धत मनापासून नकोशी. "कुस्ती म्हणजे निकाल. हे नुसतं दाबून ठेवणं झालं."

पॅरामाटाकडं परत येतो. ब्रॅड आर्थर २०१४ पासून प्रशिक्षक होते. त्यांच्या हाताखाली बांधलेला २०२२ चा संघ दादांच्या मनासारखा होता. पुढं जुनियर पाउलो आणि रेगन कॅम्पबेल-गिलार्डसारखे आडदांड फॉरवर्ड, मागं मिचेल मोझेस आणि डिलन ब्राउन ही हाफची, म्हणजे हल्ला रचणारी जोडी, सगळ्यात मागं कप्तान क्लिंट गदरसन. ताकदीनं घुसायचं आणि पडता पडता चेंडू सोडायचा, ही त्या संघाची ओळख. नियमित हंगामात त्यांनी पेनरिथ या संघाला दोनदा हरवलं. अंतिम सामन्यात मात्र पेनरिथनं त्यांना २८-१२ असं सहज हरवलं. त्यानंतर घसरण. मे २०२४ मध्ये आर्थर यांना हटवलं. २०२५ साठी जेसन राइल्स आले. राइल्स मेलबर्नकडून खेळलेले, बेलामींच्या हाताखाली सहायक प्रशिक्षक म्हणून तयार झालेले. त्याच सुमारास गदरसन सेंट जॉर्ज इलावारात गेला, कॅम्पबेल-गिलार्ड गोल्ड कोस्टला. नव्या हंगामाचा पहिलाच सामना मेलबर्नशी, त्यांच्याच मैदानावर, आणि निकाल ५६-१८.

दादांच्या दृष्टीनं एका हिवाळ्यात सगळं उलटं झालं होतं. आवडते खेळाडू गेले आणि ज्या घराण्याचा राग पंधरा वर्षं मनात होता, त्याच घराण्यातला माणूस आपल्या गादीवर येऊन बसला. पहिल्या भेटीत ते म्हणाले, "हरवलं तर हरवलं. पण आता आमची पोरं त्यांच्यासारखी खेळायला शिकणार, ह्याचं काय करायचं?"

या वाक्यावर मी बराच विचार केला. चाहता शैलीबद्दल बोलतो तेव्हा त्यात तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात, आणि त्या सोडवल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

पहिली गोष्ट नियमांची. २०२० च्या मे महिन्यात, कोविडमुळं थांबलेला हंगाम पुन्हा सुरू होताना, ऑस्ट्रेलियातल्या एनआरएल या स्पर्धेनं एक मोठा बदल केला. त्याआधी पाडलेल्या माणसावरून बचावपटू लवकर उठला नाही तर समोरच्या संघाला दंडाची लाथ मिळायची, खेळ थांबायचा, सगळे दम घ्यायचे. आता पंच हात फिरवतो, सहा टॅकल नव्यानं मोजायला सुरुवात होते आणि खेळ थांबत नाही. वरवर किरकोळ वाटतं, पण फॉरवर्डच्या छातीवर काय परिणाम होतो ते बघा. एकशे दहा-पंधरा किलोचा माणूस दंडाच्या वेळी जो श्वास घेत होता, तो श्वासच गेला. त्याआधी २०१६ मध्ये बदली खेळाडू आत-बाहेर करण्याची संख्या दहावरून आठवर आणली होती. दोन्ही मिळून अर्थ एकच: जड माणसानं आता जास्त वेळ, कमी विश्रांतीवर खेळायचं. २०२१ मध्ये एकतर्फी निकालांचा पूर आला. मग काही संघांनी पळवाट शोधली. समोरचा संघ त्याच्याच गोलरेषेजवळ असताना मुद्दाम नियम मोडायचा. टॅकल नव्यानं मोजले गेले तरी आपलं नुकसान कमी आणि बचाव लावायला वेळ मिळतो. म्हणून २०२२ पासून स्वतःच्या चाळीस मीटरच्या आत असलेल्या संघाला पुन्हा दंडाची पूर्ण लाथ मिळू लागली. शैली या ओढाताणीतून घडते. प्रशिक्षकाची आवडनिवड त्यानंतर येते.

हे मी दादांना सांगितलं तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे मॅट आली." कोल्हापूरच्या माणसाला याहून जास्त समजावून सांगायची गरज नसते. लाल मातीत, चितपट होईपर्यंत चालणारी कुस्ती आणि तीन-तीन मिनिटांच्या दोन डावांत गुणांवर सुटणारी मॅटवरची कुस्ती, या दोन्हींत पैलवानाचं शरीरही वेगळं घडतं आणि डोकंही. खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला गेले तेव्हा मॅट त्यांच्या सवयीची नव्हती. तरी सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत कांस्यपदक घेतलं. मॅटवर त्यांनी मातीतलं बळ टाकून दिलं नाही, नव्या नियमांत ते कुठं चालतं हे शोधलं.

नियमांचा मुद्दा दादांना पटला, पण त्यांचं दुःख तेवढ्यानं कमी झालं नाही. मला ते बरंच वाटलं. कारण दुसरी गोष्ट नियमांच्या पलीकडची होती. दादांच्या मनात पॅरामाटाचा एक 'खरा' खेळ आहे आणि २००९ हे त्याचं रूप. पण क्लबचा इतिहास तपासला तर असा एकच खरा खेळ सापडत नाही. पहिलं विजेतेपद १९८१ चं, न्यूटाउनविरुद्ध २०-११. त्या रात्री आनंदानं बेभान झालेल्या लोकांनी क्लबच्या जुन्या कंबरलँड ओव्हलची प्रेक्षागॅलरीच पेटवून दिली. १९८२ आणि ८३ पुन्हा विजेतेपद. पीटर स्टर्लिंग, ब्रेट केनी, मिक क्रोनिन, एरिक ग्रोथ यांच्या त्या संघाचा हल्ला बघण्यासारखा होता, त्यात शंका नाही. पण १९८६ चा अंतिम सामना? कँटरबरीविरुद्ध ४-२. दोन्ही बाजूंनी एकही ट्राय नाही. नुसत्या दंडाच्या लाथा आणि ऐंशी मिनिटं टॅकल. रे प्राइस आणि क्रोनिन यांनी त्या सामन्यानंतर निरोप घेतला. उलट २००१ चा संघ, ज्यानं नियमित हंगामात ८३९ गुण करून विक्रम केला, तो अंतिम सामन्यात मध्यंतरालाच न्यूकासलपुढं ०-२४ असा मागं होता आणि ३०-२४ असा हरला. पॅरामाटाचं शेवटचं विजेतेपद घट्ट, कोरड्या, दाबून धरलेल्या खेळातून आलं, आणि सगळ्यात देखणा संघ रिकाम्या हातानं परतला.

यावरून मी असं अजिबात म्हणत नाही की देखणा खेळ फुकट आहे. मला एवढंच दिसतं, की 'आपला खेळ' म्हणजे बहुतेकदा आपण पहिल्यांदा जीव लावला त्या वर्षाचा खेळ असतो. दादांचा २००९ चा. आज सत्तरीत असलेल्या एखाद्या पॅरामाटावाल्याला विचारलं, तर तो बहुधा रे प्राइसचं पडून उठून पुन्हा पळणं सांगेल. दोघंही खरं बोलतील.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जड वाटली, आणि ती मैदानावरची नाही. ती कोल्हापूरची आहे. दादांच्या पेठेच्या फुटबॉल संघाची शैलीही गेल्या काही वर्षांत बदलली. परराज्यातले, आफ्रिकेतले खेळाडू आले, लांब लाथ मारून धावत सुटण्याऐवजी चेंडू पायात ठेवून खेळणं आलं. शाहू स्टेडियमवर त्याबद्दलही दादा कुरकुरतात. पण तिथं कुरकुरायला शेजारी माणूस असतो. मॅच सुटल्यावर कट्ट्यावर तासभर वाद होतो, कुणी म्हातारा जुन्या सेंटर हाफचं नाव काढतो, कुणी पोरगा त्याला उडवून लावतो, शिव्या होतात, चहा होतो. बदल सगळे मिळून पचवतात. पॅरामाटाच्या बाबतीत दादा एकटे आहेत. रात्रीचा सामना तिथं सातपन्नासला सुरू होतो, म्हणजे तिथल्या हिवाळ्यात आपल्या दुपारी तीन वीसला. उद्यमनगरात तेव्हा मशीनचा आवाज भरात असतो. दादा केबिनमध्ये मोबाईल कपाटाला टेकवून 'वॉच एनआरएल' या ॲपवर सामना लावतात आणि राग आला तर तो सांगायला शहरात कुणी नाही. तिथं राहत असताना हाच राग सामन्यानंतर गर्दीतून चालत स्टेशनपर्यंत जाता जाता विरघळायचा. इथं तो साठत गेला. मी ज्या ज्या चाहत्यांशी बोललो आहे, त्यांच्यात शैलीबद्दलची कडवी नाराजी एकट्या पडलेल्यांतच जास्त दिसली आहे.

मुलगी याला अपवाद. ती बारावीला आहे, बाबांबरोबर लहानपणापासून सामने बघते, आणि तिला नवा संघ आवडतो. तिचं कारण ऐकण्यासारखं होतं. "बाबा चेंडू बघतात. मी उठताना बघते." म्हणजे माणूस पाडला गेल्यावर तो किती पटकन उठून चेंडू मागं सरकवतो ते. तिच्या मते सगळी लढाई त्या दोन-तीन सेकंदांत असते. पटकन उठला तर समोरची फळी अजून मागं जातेय आणि हाफबॅकला मोकळं रान मिळतं. पुढं जे देखणं घडतं त्याचं कारण आधीच्या टॅकलमध्ये दडलेलं असतं. मी पुढचे काही सामने तिच्या पद्धतीनं बघितले आणि खेळ मला नव्यानं कळला. जाणकार प्रशिक्षकही हेच बघतात. तिनं ते कुणाच्या सांगण्याशिवाय हेरलं, याचं मला फार कौतुक वाटतं.

एका रविवारी सकाळच्या सामन्याला मीही त्यांच्या घरी होतो. दादांचे वडील, आबा, खुर्चीत बसून होते. त्यांना या खेळातलं काही कळत नाही आणि ते कळून घ्यायचा त्यांनी कधी प्रयत्नही केला नाही. तिघांनी मिळून एकाला पाठीवर घेतलं तेव्हा ते पुढं वाकले.

"तिघं लागत्यात व्हय एकाला?"

"नियमच आहे आबा, कितीही जण धरू शकतात," नात म्हणाली.

"मग खालच्यानं कब्जा घेतलाय बघ. पाय त्यानं धरलाय. वरच्या दोघांचं काम सोपं झालं." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "ह्यो डाव कुणी शिकवला ह्यास्नी?"

दादांनी उत्तर दिलं नाही. ज्या धरून ठेवण्याला ते वेळकाढूपणा म्हणत होते, त्यात त्यांच्या वडिलांना डाव दिसला होता. आणि खरं तर मातीतल्या जुन्या कुस्तीत खालच्या पैलवानावर स्वार होऊन, त्याचा दम काढत, मिनिटामागून मिनिटं कब्जा राखणं हा मान्य मार्ग होता. खासबागच्या मैदानात लोक त्यासाठी श्वास रोखून बसायचे. दादांच्या घरचा वारसा मोकळ्या ऑफलोडच्या जेवढा जवळ आहे, तेवढाच, किंवा थोडा जास्तच, मेलबर्नच्या पद्धतीच्या जवळ आहे.

यानं दादांचं मत फिरलं असं झालं नाही. तसं सांगितलं तर खोटं होईल. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला आणि त्यांनी स्वतःच फरक मांडला: "आबांच्या कुस्तीत धरून ठेवलेला माणूस शेवटी आस्मान दाखवायलाच धरलेला असायचा. इथं धरून ठेवतात ते पुढच्या टॅकलसाठी, त्याच्या पुढच्यासाठी. चितपट कधीच होत नाही." मला हा मुद्दा वजनदार वाटतो. लीगमध्ये टॅकल हा शेवट नसतोच, आणि ज्याला शेवट हवा आहे त्याला ऑफलोडच प्यारा वाटणार, कारण ऑफलोड निदान ती कोंडी फोडतो. नवी पद्धत समजली तरी आवडली पाहिजे, असं बंधन चाहत्यावर नाही. तिकीट, वर्गणी, वेळ, आयुष्यातली किती दुपारं त्यानं दिलेली असतात. निकाल चांगला लागला की त्यानं गप्प बसावं, ही अपेक्षा मला चुकीची वाटते.

मी सुचवलं ते इतकंच. सामना एकट्यानं बघायचा नाही. शक्य होईल तेव्हा मुलीबरोबर, नाहीतर पॅरामाटात राहणाऱ्या जुन्या मित्राला फोन लावून. खेळाडू गेल्याचं दुःख आणि शैली बदलल्याचा राग एकमेकांत मिसळायचे नाहीत. गदरसन दुसऱ्या जर्सीत दिसला की पोटात तुटतं, त्यात राइल्स यांच्या रचनेचा काही संबंध नाही. डिलन ब्राउननंही २०२६ पासून न्यूकासलशी दीर्घ करार केला, ही जखम आणखी वेगळी. दादांनी मित्राला फोन करायला सुरुवात केली, आणि मुलगी म्हणते की मॅच अर्ध्यात बंद होणं जवळजवळ थांबलं. मित्र दादांहून जास्त चिडलेला निघाला. त्याचा दादांना मोठा आधार झाला.

हंगाम पुढं सरकला तशी दादांनी एक गोष्ट मान्य केली: नवी पोरं बचावात एकमेकांसाठी धावतात, आणि आर्थर यांच्या शेवटच्या दोन वर्षांत ते दिसत नव्हतं. मुलीनंही एक गोष्ट मान्य केली, की मोझेस दुखापतीमुळं बाहेर असला की संघाची रचना नीट असूनही हल्ल्यात जीव नसतो, आणि तेव्हा एखाद्या पाउलोनं पडता पडता चेंडू सोडावा असं तिलाही वाटतं.

१९८६ वर मात्र आमचं अजून जमलेलं नाही. माझं म्हणणं, ज्या क्लबनं ४-२ नं चषक उचलला त्याच्या रक्तात घट्ट खेळ आहेच, तो बाहेरून आणलेला नाही. दादा म्हणतात, तो सामना प्राइस आणि क्रोनिनचा निरोप म्हणून मोजायचा, शैली म्हणून नाही. मुलीनं आम्हा दोघांना ती अख्खी मॅच शोधून पुन्हा बघायला सांगितली आहे, फक्त उठताना बघत.